ओड्वारचा डावा हातमोजा

"आजी, ही नाणी चालायची नाहीत."

"आजी कुणाला म्हणतेस गं?" गुनवोरने कॉफीच्या डब्यातली आणखी एक ओंजळ काउंटरवर ओतली. "आणि चालायची नाहीत म्हणजे काय? तुमच्याच राजाचं तोंड आहे की यावर! मी काही घरी पाडलेली नाहीत."

ईस्टरच्या आधीचा गुरुवार होता. नॉर्वेतली दुकानं बंद, त्यामुळे अख्खा नॉर्वे सरहद्दीवरचा पूल ओलांडून स्वीडनच्या या दुकानात लोटला होता. ज्याच्या त्याच्या ट्रॉलीत तेच: बेकन, गोड गोळ्यांच्या पिशव्या, सोड्याचे क्रेट. गुनवोरच्या मागची रांग पार फ्रीजपर्यंत पोचली होती. पण तिने आयुष्यभर नॉर्वेच्या हाल्डेनमध्ये शहराची बस चालवलेली. मागे खोळंबलेल्या माणसांचं दडपण तिला कधी आलंच नव्हतं.

गल्ल्यावरची मुलगी बिचारी अवघडली. "अहो, जुनी आहेत ही. एकाची, पाचाची, सगळी बंद होऊन वर्षं लोटली. आता नवी आहेत, लहान. कार्ड नाहीये का तुमच्याकडे?"

कार्ड होतं, पर्समध्ये, अगदी हाताशी. पण ते काढायचं नाही, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती.

लग्न झाल्यापासून तिचा आणि ओड्वारचा करार होता. पुलाच्या अलीकडचा खर्च तिचा, पलीकडचा त्याचा. शनिवारी कागदाच्या गिरणीतून सुटला की तो शेजारच्या सीटवर रुबाबात बसायचा, गाडी ती चालवायची. पूल संपला की म्हणायचा, "बाईसाहेब, आता पाकीट आत ठेवा. इथून पुढे मी श्रीमंत!" परतताना उरलेली स्वीडिश नाणी कॉफीच्या डब्यात पडत, पुढच्या खेपेसाठी.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लिफ्ट नाही. ओड्वार खिडकीतल्या खुर्चीत बसला तो बसलाच. डबा मात्र भरत राहिला. इमारतीतलं कुणीही स्वीडनला जाऊन आलं की उरलेली मोड घेऊन वर यायचं. "घ्या ओड्वार, तुमच्या सहलीला." खालची रैदुन तर मूठभर आणायची. तो एका हाताने ती नाणी तासन् तास चिवडत बसे. रोज संध्याकाळी गुनवोर डबा उचलून बघायची आणि म्हणायची, "जड झाला हं!" त्यावर तो अर्ध्या तोंडाने हसायचा. "जाऊ तेव्हा कोळंबीचं सँडविच. दोघांना दोन. माझ्याकडून."

गेल्या शरद ऋतूत तो गेला. ट्रॉलीत आज बेकन-सोड्याबरोबर दोन सँडविचं होती, आणि त्यांचे पैसे ओड्वारनेच द्यायचे होते. तिची एवढी एकच इच्छा होती, आणि त्या इच्छेवर आता ही पोर पाणी फिरवत होती.

गुनवोरचं डोकं भणभणलं. म्हणजे रैदुनने काय केलं? सगळ्या इमारतीने आपली मेलेली नाणी आमच्या डब्यात आणून टाकली? आणि ओड्वार! रोजचं वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस. त्याला कळलं नसेल? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

मागचा टोपीवाला म्हणाला, "ताई, बिल मी देऊ का? ईस्टर आहे."

"तुम्ही तुमचं बेकन सांभाळा," ती म्हणाली.

मुलगी पुढे वाकली. "दहाची आहेत का बघा ना. पिवळी. ती नाही बदलली, ती अजून चालतात."

गुनवोरने डबा हलवला. तळातून लोकरीचा हातमोजा बाहेर आला. मनगटाशी बुटाच्या नाडीने बांधलेला. डावा. हा काय प्रकार म्हणून तिने त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "या हाताला काम उरलं नाही, मोज्याला तरी असू दे." माणूस जरा भ्रमला, असं समजून तिने विषय सोडला होता.

तिने दातांनी गाठ सोडली आणि मोजा उलटा केला. काउंटरवर पिवळीधमक नाणी घरंगळली. सगळी दहाची. एकही बाद नाही, एकही पाचाचं नाही. एका हाताने, एकेक करून निवडलेली.

"लबाड!" गुनवोर मोठ्याने म्हणाली. "मेला सगळं जाणून होता!"

जाणून होता, आणि तरी रोज संध्याकाळी तिला डबा उचलू देत होता. शेजाऱ्यांच्या मुठी नाकारत नव्हता. कामाची तेवढी बाजूला काढून ठेवत होता, आज ना उद्या ती इथे येईल म्हणून. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसतही होती. टोपीवाला खाली वाकून जमिनीवर पडलेली नाणी गोळा करू लागला. मुलीने ती रचून घेतली आणि ओठ चावला. "थोडे कमी पडतायत."

"सोडा परत ठेव," गुनवोर म्हणाली. "सोड्याने मला तसाही गॅस होतो. सँडविचं आणि बेकन राहू दे."

बाहेर गाडीत बसून तिने तिचं सँडविच सावकाश खाल्लं, शेजारची सीट रिकामी ठेवून. कोळंबी ताजी होती. मग बाद नाणी डब्यात भरली, मोजा त्यांच्यावर ठेवला आणि ती पुलावरून परत निघाली.

जिन्यात रैदुन उभी होती. हातात झाडू, पण पायरी कधीच झाडून झालेली. गुनवोरच्या काखेतला डबा वाजला, तशी रैदुनने नजर खाली वळवली. रैदुनलाही सगळं ठाऊक होतं, हे गुनवोरला त्या नजरेतच दिसलं.

"गुनवोर... पुरले का गं पैसे?"

गुनवोरने दुसरं सँडविच तिच्या हातावर ठेवलं.

"पुरले," ती म्हणाली. "उरलेसुद्धा. हे घे, ओड्वारकडून."

आणि वाजणारा डबा काखेत घट्ट धरून ती तिसऱ्या मजल्याचा जिना चढू लागली.