मागच्या डाव्या चाकाची डिस्क

मी डिस्क बोलतेय, ब्रेकची. मागच्या डाव्या चाकातली. चाक निघाल्याशिवाय मला कुणी नीट पाहत नाही, म्हणून ओळख आधीच करून देते. चाकाबरोबर मी फिरायचे आणि ब्रेक दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी आवळायचे. नऊ वर्षं हेच केलं. पॅडांचा मला कधी राग आला नाही. त्यांनी धरलं नाही तर गाडी थांबणार कशी?

आमचे मालक गोविंदराव, नाशिकच्या इंदिरानगरातले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हातांना चैन नव्हतं. आज मिक्सर उघड, उद्या पंखा उघड. मी झिजले, कडेला धार आली, कर्कश ओरडू लागले, तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी जाहीर केलं, "गॅरेज कशाला? मीच बदलतो."

"उद्या दसऱ्याला सायखेड्याला जायचंय, माझ्या माहेरी," लतिकाबाई म्हणाल्या. "अर्धी गाडी घेऊन नाही जाता यायचं, सांगून ठेवते."

पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाला नेटका. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मग जॅक चढवला. पॅडांना रेटणारा पिस्टन दाबून आत जाईना, तेव्हा तो फिरवत आत घालायचा असतो हे पुन्हा व्हिडिओ पाहून शिकले. मला हातोडीनं ठोकून काढलं आणि फाटकाजवळ ठेवलं. मागच्या दोन्ही चाकांसाठी आणलेल्या दोन नव्या डिस्क कारखान्यातून तेलाचा हात लावून आल्या होत्या, गंज चढू नये म्हणून. तेल राहिलं तर पॅड घसरणार, ब्रेकचा सत्यानाश होणार. म्हणून त्यांनी त्या लखलखीत पुसल्या आणि ते हात धुवायला आत गेले.

त्या दिवशी खंडेनवमी होती, हत्यारं पुजायचा दिवस. लतिकाबाई ताट घेऊन आल्या. पान्यांना, जॅकला हळदकुंकू वाहिलं. गुळगुळीत लोखंडावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून बोट तेलात बुडवून, कुंकवात टेकवून त्यांनी दोन्ही नव्या डिस्कवर ठसठशीत स्वस्तिक काढलं. इतक्या मायेनं की मला हेवा वाटला. आणि मी आतल्या आत ओरडत होते, अहो बाई, तेल नको! पण चाकातून उतरलेल्या डिस्कला आवाज कुठला?

गोविंदराव आले आणि थबकले. हातात फडकं होतं.

"पुसताय की काय?" बाई म्हणाल्या. "सणाच्या दिवशी कुंकू पुसतात का? माझ्या हातचं?"

फडकं खाली आलं. "राहू दे. चार वेळा ब्रेक मारला की जाईल," ते पुटपुटले. तेल पॅडात मुरतं हे त्यांना ठाऊक होतं. चेहऱ्यावरच दिसत होतं.

चाकं चढली, विटा निघाल्या. गल्लीत फेरी मारून त्यांनी गाडी पोर्चसमोरच्या उतारावर थांबवली आणि हँडब्रेक ओढला. तो पकडतो मागच्याच चाकांना. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ते नारळ आणायला उतरले. लतिकाबाई बॉनेटसमोर वाकून झेंडूची माळ बांधत होत्या.

गाडी आधी बोटभर सरकली. मी दोन हातांवर पडले होते. कुणी मला लाथेनं चाकाखाली ढकललं असतं तरी पुरे होतं. मला स्वतःहून तसूभरही हलता येत नाही. गोविंदराव धावले, दार उघडून ब्रेकवर पाय टाकला, पण तोवर पुढचं चाक बाईंच्या पावलावरून गेलं होतं. दोन हाडं मोडली. सायखेडा राहिलं.

तिसऱ्या दिवशी गॅरेजवाले रहेमानभाई घरी आले. चाक खोलून त्यांनी पॅडवर बोट फिरवलं. "काका, तेल मुरलंय यात. आणि हे लाल काय?"

खिडकीत लतिकाबाई प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या.

"गंज असेल," गोविंदराव मोठ्यानं म्हणाले. "तेलाचा हात माझाच लागला. नसते उद्योग केले मी."

रहेमानभाईंनी खिडकीकडे पाहिलं, पॅड कागदात गुंडाळले. "होतं, काका. नवीन टाकून देतो."

तेव्हापासून आला-गेला गोविंदरावांना हसतो. बाईही चारचौघांत टोमणे मारतात. ते मुकाट ऐकून घेतात. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण मी कुणाला सांगणार?

यंदा खंडेनवमीला त्यांनी मला घासूनपुसून पाटावर मांडलं. गाडीवर मात्र आधीच कव्हर घातलं होतं. "पूजा हिची कर," ते म्हणाले. बाई जराशा लंगडत आल्या आणि त्यांनी बोट तेलात बुडवलं.

लावा बाई, हवं तेवढं तेल लावा. मला आता काही थांबवायचं नाही.