पूर्वस्थितीतली भिंत

शेवटी आईला तिची खिडकी मिळाली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आमच्या घरात नवीन खिडकी झालेली नाही. अंदाजपत्रकात तशी तरतूद नव्हती, आणि तरतूद नसताना गोष्टी घडतात असं मानणारी माणसं बाबांच्या मते एक तर कवी असतात किंवा कर्जबाजारी. तेव्हा आपण पहिल्यापासून सुरू करू. म्हणजे घर नुसतंच जुनं होतं आणि सगळ्यांचं एकमेकांशी बरं चाललं होतं तिथपासून.

घर चांगलंच जुनं होतं. बाथरूमचा दिवा लावला की हॉलमधला पंखा मंद व्हायचा, आणि पंखा बंद केला की दिवा विचारात पडायचा. नळातून पाण्याच्या आधी आवाज यायचा, बऱ्याचदा पाण्याऐवजी. माझ्या खोलीतल्या काही फरश्या पोकळ होत्या. त्यांच्यावरून चाललं की खालून कोणीतरी दार वाजवतंय असं वाटायचं. अशात एका सकाळी छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा बाबांच्या वर्तमानपत्रावर पडला. बाबा अग्रलेख वाचत होते. त्यांनी पोपडा बाजूला केला, अग्रलेख संपवला आणि म्हणाले, "काम काढावं लागणार."

बाबा एका सरकारी कचेरीच्या अंदाजपत्रक विभागातून निवृत्त झालेत. लोक कशाकशासाठी पैसे मागायचे आणि ते का मिळणार नाहीत हे बाबा त्यांना सभ्य भाषेत कळवायचे. निवृत्तीनंतर मागणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे ते आतल्या आत सुकत चालले होते. घराचं काम निघालं आणि त्यांना पालवी फुटली. त्यांनी जेवणाच्या टेबलावर आमची सभा भरवली. आई, ताई आणि मी. प्रत्येकाने आपापली मागणी थोडक्यात मांडावी, असं आम्हाला सांगण्यात आलं.

ताईला तिच्या कपाटाला बंद होणारं दार हवं होतं. मला पलंगाशेजारी प्लग हवा होता. आईला स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या भिंतीत, खिडकी हवी होती.

त्या भिंतीचं थोडं सांगायला हवं. तिच्या पलीकडे गाडी शिकवणाऱ्या एका शाळेचं मैदान आहे. आम्हाला ते फक्त ऐकून माहीत होतं, कारण तिकडचा रस्ता चार गल्ल्या फिरून जातो आणि आमच्याकडे गाडी नाही. आवाज रोज यायचे. "मागे घ्या. हळू. अजून थोडं. हळू. थांबा. अहो, थांबा." आणि मग रिकामं पिंप आडवं झाल्याचा आवाज. आई लग्न होऊन आल्यापासून हे ऐकत आली होती, भिंतीकडे तोंड करून, हातात जे काही चिरायचं असेल ते घेऊन.

"मला पिंप पडलेलं ऐकू येतं," आई सभेत म्हणाली, "पण कोणी पाडलं ते कळत नाही. इतकी वर्षं झाली. माणसाला वेड लागेल."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?" बाबा म्हणाले.

"बघितलं की सांगते."

"हॉलला तीन खिडक्या आहेत. तिथून बघ काय हवं ते."

"तिथून समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसतं. त्यात पुढे काय होणार आहे ते मला माहीत असतं."

बाबांनी 'खिडकी' असं लिहिलं, बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिलं आणि त्यावर रेघ मारली. रेघ पट्टीने मारली. मनमानी झाली असं नंतर कोणी म्हणायला नको.

मग अंदाजपत्रक तयार झालं. कामाचे भाग पाडून प्रत्येक भागाला बाबांनी एक शीर्ष दिलं: वीज, नळ, फरशी, रंग, ओलीचा शोध. प्रत्येक शीर्षाचं वेगळं पाकीट, पाकिटं बिस्किटांच्या डब्यात, डबा कपाटात आणि किल्ली चष्म्याच्या घरात. एका पाकिटातला पैसा दुसऱ्या पाकिटात जाणार नाही, हा नियम. कचेरीत हाच नियम होता आणि त्याच्यामुळे, बाबा अभिमानाने सांगतात, एक पूल आठ वर्षं बिनकठड्याचा राहिला, पण हिशोबात एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

हा नियम आमच्याकडेही तंतोतंत पाळला गेला. हॉलचा पंखा बसवायची वेळ आली तेव्हा विजेचं पाकीट संपलेलं होतं. नळाच्या पाकिटात मात्र पैसे शिल्लक होते. त्यामुळे पंखा नळवाल्याने बसवला. तो छान फिरतो, फक्त सुरू करायला अंमळ जोर लावून पिळावा लागतो.

सगळ्यात शेवटचं पाकीट होतं 'अनपेक्षित खर्च'. ते सगळ्यात जाड होतं आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं. आईची नजर त्याच्यावर गेली.

"हे कशासाठी आहे हो?"

"जे आपल्याला आत्ता सुचत नाहीये त्यासाठी."

"म्हणजे उदाहरणार्थ?"

"उदाहरण देता आलं तर ते अनपेक्षित राहील का?"

"मग माझी खिडकी करा की यातून."

"तू ती लग्नापासून मागते आहेस. यात अनपेक्षित काय आहे?"

आईने जरा विचार केला. "म्हणजे मी कधीच मागितली नसती, तर मिळाली असती?"

बाबा खोटं बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हो. शक्यता होती."

त्या दिवसापासून आईने खिडकीचं नाव घेणं बंद केलं. बाबांना वाटलं, पटलं तिला. ताईला आणि मला असं काही वाटलं नाही. आम्ही त्या घरात वाढलो आहोत.

काम सुरू झालं आणि मिस्त्री घरात आले. मिस्त्री म्हणजे एक मोठा हातोडा आणि त्याला जोडलेला अत्यंत शांत माणूस. त्यांना काहीही विचारलं तरी उत्तर एकच. पाइप कुठून जातो? "फोडल्याशिवाय नाही कळणार, साहेब." खर्च किती येईल? "फोडल्याशिवाय नाही कळणार." तुम्हाला मुलं किती, असं ताईने सहज विचारलं तेव्हा ते क्षणभर भिंतीकडे बघत राहिले, सवय.

एका दुपारी बाबा ताईला घेऊन फरशी पसंत करायला गेले. मी घरी होतो, कारण दोघांच्या भांडणात तिसऱ्या माणसाच्या रिक्षाभाड्याची तरतूद नव्हती. आईने मिस्त्रींना चहा दिला आणि ओट्यावरच्या भिंतीवर हात ठेवला.

"मिस्त्री, या भिंतीत ओल आहे का हो?"

मिस्त्रींनी भिंत पाहिली. भिंत वाळवंटासारखी कोरडी होती. "फोडल्याशिवाय कसं कळणार, वहिनी?"

"मग फोडा ना. ओलीच्या शोधाचं पाकीट आहे आमच्याकडे. त्यात पैसे आहेत."

"किती फोडू?"

"ओल सापडेपर्यंत."

"आणि नाही सापडली तर?"

"तर पलीकडे निघाल. मग थांबा."

ओल साधारणपणे वेडीवाकडी पसरते. आमच्याकडे ती काटकोनात शोधली गेली. आईने आधी खडूने हद्द आखून दिली. तिच्या कमरेपासून डोक्याच्या वर एक वीत, आणि रुंदीला एक माणूस. शोध कसा शिस्तीत व्हायला हवा. विटा एकेक करून निघाल्या, राडारोडा पोत्यात भरला गेला, आणि संध्याकाळी शेवटची वीट पलीकडे पडली तेव्हा स्वयंपाकघरात असा उजेड आला की आमच्या डब्यांना झाकणं वेगवेगळ्या रंगांची आहेत हे मला पहिल्यांदा कळलं.

मैदानावर एक निळी गाडी होती. ती मागे येत होती. दोन पिंपांच्या मधून जायचं होतं. "हळू," शिकवणारा म्हणाला. "हळू. थांबा. अहो, थांबा." पिंप पडलं. गाडीतून साठीच्या एक बाई उतरल्या, पिंपाकडे त्याचीच चूक असल्यासारखं पाहिलं आणि परत आत बसल्या.

आईने हातातला कांदा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, पण कांदा अजून चिरलेला नव्हता.

तेवढ्यात बाबा आणि ताई आले. स्वयंपाकघराच्या दारात बाबा उजेडामुळे अडले.

"हे काय आहे?"

"ओल नाही निघाली, साहेब," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात खरं समाधान होतं. "भिंत एकदम कोरडी आहे. पार पलीकडेपर्यंत."

बाबा खाली बसले. मला वाटलं त्यांना धक्का बसलाय. प्रत्यक्षात ते शीर्ष शोधत होते. ओलीचा शोध नियमात होता, पण त्यातून निघालेलं भोक कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. म्हणजे अनपेक्षित. ते जाड पाकीट अखेर उघडायला हरकत नव्हती, आणि ही संधी बाबा सोडणार नव्हते. "मात्र त्या पैशातून भिंत पूर्वस्थितीत आणायची," ते म्हणाले. "बुजवायचं. आणि तीन मिस्त्र्यांचे दर मागवल्याशिवाय नाही."

आई म्हणाली, "मागवा की. दर मागवायलाच हवेत." ती इतक्या नम्रपणे म्हणाली की ताई उठून बाहेर गेली.

दर येईपर्यंत वरची भिंत भोकात खचेल, असं मिस्त्री म्हणाले, म्हणून वर सिमेंटची तुळई घातली, तात्पुरता आधार. रात्री मांजर येऊन दूध पिऊन गेलं, म्हणून लोखंडी जाळी बसवली, तात्पुरता बंदोबस्त. मग पावसाचं पाणी आत यायला लागलं, म्हणून काचेची दोन दारं आली, तात्पुरती झडप. आईने त्यांना निळा रंग दिला. तो रंग तात्पुरता आहे का, असं बाबांनी विचारलं. "जगात कायमचं काय असतं," आई म्हणाली. सगळं मिळून खर्च किती झाला ते ताईने काढलं. आईने जी खिडकी मागितली होती तिच्या दुप्पट. बाबांना आकडा दाखवला तर ते म्हणाले, "पण खिडकीवर एक पैसा खर्च झालेला नाही," आणि ते खरं होतं.

बाबांनी बोलावलेले मिस्त्रीही आले. पहिल्याने टेप काढली, भोकासमोर उभा राहिला, चहा घेतला, दोन पिंपं पडताना पाहिली आणि दर न देताच निघाला. जाताना बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "का बुजवताय, साहेब? कोणाशी भांडण आहे का?" दुसरा तासभर थांबला. त्याला निळ्या गाडीवाल्या बाईंचं काय होतं ते बघून जायचं होतं. तिसरा अजून यायचाय. त्याचा पत्ता आईकडे आहे.

तीन दर येईनात आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल तर करायला हवा होता. बाबांना खातं उघडं ठेवून झोप लागत नाही. शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि लिहिलं: 'स्वयंपाकघराची मागील भिंत: पूर्वस्थितीत.' खाली सही केली. घराचं काम ठरलेल्या रकमेत पूर्ण झालं. बाबांनी आम्हा सगळ्यांशी हात मिळवले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून आईचं हसू यायला लागलं. "अहो बाई, डावीकडे," असं ती जाळीतून सांगायची. तिकडून उत्तरंही यायची. निळ्या गाडीवाल्या बाई आता आईला हात करतात. एकदा तर त्या पिंपांच्या मधून सुखरूप मागे आल्या, आणि आईने एवढ्या मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या की हॉलमध्ये बाबांच्या हातातलं वर्तमानपत्र मिटलं.

बाबा पाणी प्यायला आत गेले. अर्ध्या तासात चौथ्यांदा.

"काय हवंय?" आईने न वळता विचारलं.

"काही नाही. पाहणी. जरा सरकतेस का? भोकाचं काय झालंय ते बघतो."

"कुठलं भोक?"

"हे. ज्यातून तू बघते आहेस."

"तुमची सही आहे," आई म्हणाली. "इथे भिंत आहे. मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे, नेहमीसारखी."

"अगं, पण आवाज आला. टाळ्या वाजवल्यास. जमलं का त्यांना?"

"भिंतीतून काय दिसणार हो."

भोक एका माणसाच्या रुंदीचंच आहे, आणि तो माणूस हलायला तयार नव्हता. पलीकडे गाडी सुरू झाली. "हळू," शिकवणारा म्हणाला. बाबांनी टाचा उंचावून पाहिलं. त्यांना आईचा अंबाडा दिसला.

त्या रात्री त्यांनी अर्ज लिहिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओट्यावर, तेलाच्या बरणीखाली आहे. आईने वाचलेला नाही. सकाळी तिला घाई असते, आणि संध्याकाळी ती कामात असते.

'विषय: स्वयंपाकघराच्या मागील भिंतीतून पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, सदर भिंत पूर्वस्थितीत असल्याचे अर्जदारास मान्य आहे व त्याबाबत त्याची कोणतीही तक्रार नाही. तथापि, सदर भिंतीतून पलीकडचे दिसत असल्यास, अर्जदारास दररोज सायंकाळी पंधरा मिनिटे, शक्यतो निळ्या गाडीच्या वेळी, तिच्यासमोर उभे राहू देण्यात यावे. ते शक्य नसल्यास, पिंप कोणी पाडले हे त्याच दिवशी तोंडी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'