कमरेतून वाकायचं नाही

सकाळी दहा चाळीसला जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात गंगाधरराव जावयाचे पाय धुवायला वाकले. त्यांना पुन्हा सरळ होता आलं नाही.

मणक्याच्या ऑपरेशनला अजून महिनाही झाला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं: नो स्टूपिंग. गंगाधररावांनी माढ्याच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेलं. घरी येऊन त्यांनी पत्नीला समजावलं, "स्टूप म्हणजे कमरेतून पुढं वाकणं. गुडघे मोडून खाली बसणं वेगळं. त्याला मनाई नाही."

"एकदा विचारून घ्या की त्यांना," प्रभाताई म्हणाल्या.

"शब्दाचा अर्थ मी डॉक्टरला विचारू?"

मुलगी भार्गवीने तोडगा काढला होता. नवरदेव ऋतुराज उंच खुर्चीवर बसेल, पाय टेबलावर ठेवेल; बाबा उभ्यानेच धुतील. ऋतुराज तयार होता. त्याची जेऊरची आत्या हसली. "दाढी करायला बसल्यावानी दिसंल की पोरगं! फोटो लई झ्याक येतील."

सगळे हसले. गंगाधररावही हसले आणि म्हणाले, "पाटच मांडा. मी बसतो खाली."

ते बसले अगदी बरोबर. पाठ ताठ, गुडघे मोडून, मुलाचा, वरदचा, खांदा धरून. प्रभाताईंनी तांब्यातून धार धरली. पण ताम्हण जमिनीवर होतं आणि हात पायांपर्यंत पोचेनात. वीतभर कमी पडत होतं. तेवढंच ते कमरेतून वाकले.

वरदने काखेत हात घालून उचलायला पाहिलं. ते असे ओरडले की त्याने हात काढून घेतले. आडवं करावं की तसंच ठेवावं, कुणालाच कळेना. फोनवर समजलं, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. "पेशंटला हलवू नका, रुग्णवाहिका पाठवतो," एवढंच तिथून सांगितलं. ऋतुराजला पाय मागे घेता येईना. सासऱ्यांचा सगळा भार त्याच्या घोट्यांवर होता.

"मी आपली गमतीनं बोलले वो," आत्या ज्याला त्याला सांगत होती.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा.

"मुहूर्त चुकवू नका," गंगाधरराव खालूनच म्हणाले.

"बाबा, गप्प बसा," भार्गवी म्हणाली. मुंडावळ्यांसकट ती त्यांच्याशेजारी ओल्या फरशीवर बसली होती.

अकरा पाचला रुग्णवाहिका सात रस्ता चौकात पोचल्याचा फोन आला. भार्गवीने त्यांना उजवं पाऊल हलवायला सांगितलं. ते हललं नाही. डाव्याचं अजून कुणी विचारलेलं नाही.