कमरेएवढं तोरण

त्या बेटाचं नाव मी सांगणार नाही. कुठल्या समुद्रात आहे तेही सांगणार नाही. उगाच नकाशा उघडून बसू नका.

माझा धाकटा भाऊ अशोक त्या बेटाच्या किनाऱ्यावर छातीत बाण लागून मेला. पुण्यात डॉक्टर झालेला, स्कूटर चालवणारा, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसाठी जेवण सोडणारा मुलगा बाण लागून मेला, हे मी लोकांना सांगायचे तेव्हा काहींना हसू यायचं. त्यांचे चेहरे मी अजून विसरलेले नाही. बेटावर जी माणसं राहतात त्यांची भाषा कुणाला येत नाही, त्यांचा आपल्या जगाशी संबंध नाही, आणि तिकडे जायला सरकारची बंदी आहे. बंदी मोडून अशोकचा मित्र शिरीष तिथे दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला सोबत डॉक्टर असावा म्हणून त्याने अशोकला नेलं. प्रेतसुद्धा परत आणता आलं नाही. आईने पाटावर अशोकचा कोट ठेवून दिवस केले.

तेव्हापासून मी त्या बेटावरच्या माणसांचा मनापासून द्वेष केला. देवापुढे हात जोडून मी दुसरं काही मागितलं नाही. त्यांची घरं जळावीत, त्यांच्या बायकांनी माझ्या आईसारखं रडावं, हेच मागितलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सौदीत धाहरानला आले, तर द्वेषही सामानासोबत इथे आला. काही वर्षांनी शिरीषही इथल्याच एका कंपनीत इंजिनियर म्हणून आला. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, मला ताई म्हणायचा, आणि जेवणानंतर भिंतीवर स्लाइड्स दाखवायचा. बेटाच्या स्लाइड्स. किनारा, झाडी, खडक, आणि बोटीच्या टोकावर उभा असलेला माझा भाऊ.

एका स्लाइडवर तो नेहमी थांबायचा. झाडीतून आत जाणाऱ्या पायवाटेवर दोन झाडांना वेल आडवी बांधलेली होती, तिला पानांचे झुबके लटकत होते. शिरीष म्हणायचा, "बघ ताई, आपल्यासारखंच तोरण. स्वागताला तोरण बांधलं आणि मग दगा दिला." ते ऐकून माझं रक्त उकळायचं. तोरण बांधून पाहुण्याला मारणारी ती कसली माणसं?

आता शिरीषला तिसऱ्यांदा जायचं होतं. या वेळी बंदुका घेऊन. तो म्हणायचा, अशोकच्या नावाने जायचं, त्यांना धडा शिकवायचा आणि पूर्ण फिल्म करून आणायची. बोट देणार होते दमामचे ठेकेदार नौशादशेठ, मूळचे मुरुडचे. माणूस जुन्या वळणाचा. त्यांनी एकच अट घातली होती. मयताच्या घरच्यांनी स्वतः येऊन हो म्हटलं, तरच बोट. म्हणजे मी. येत्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे जाऊन हो म्हणायचं होतं, आणि मी म्हणणारच होते. गेली कित्येक वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघत होते.

मध्येच युद्ध सुरू झालं. बगदादवर बॉम्ब पडताना टीव्हीवर दिसायचे. हिरव्या अंधारात ठिणग्या उडायच्या, आणि मला वाटायचं, यातला एक, फक्त एक, त्या बेटावर पडू दे. नवरा म्हणाला, "मधुमती, तुझ्या तोंडाकडे बघवत नाही." मी म्हटलं, मग बघू नका.

मग तिकडून इकडेही स्कड क्षेपणास्त्रं यायला लागली. सद्दाम विषारी गॅस सोडणार अशी बातमी होती. गॅसचे मास्क आमच्या वाट्याला आले नव्हते. आम्ही बेडरूमच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या, दाराखाली ओले टॉवेल कोंबले. सायरन वाजला की तिथे जाऊन बसायचं, आणि इशारा संपेपर्यंत दार उघडायचं नाही. शिरीषची खोली विमानतळाच्या बाजूला होती. त्याने स्लाइड्सचा डबा माझ्याकडे आणून ठेवला. "ताई, माझं काही झालं तरी चालेल, हा डबा सांभाळ," असं म्हणाला. बेटाभोवती सगळीकडे खडक होते आणि त्यातून बोट आत जाईल अशी एकच फट होती. नकाशा कुणी देणार नव्हतं, ती वाट फक्त या स्लाइड्समध्येच दिसत होती. मी डबा साड्यांच्या कपाटात ठेवला. त्याहून जास्त मी माझे दागिनेही जपले नसते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सुरैया राहायची. ती रत्नागिरीकडची, इथल्या इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. तिच्या मुलीला, अरवाला, ताप आहे असं कळलं म्हणून एका सकाळी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. तिच्या दारात, चौकटीच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून, एक हिरवी डहाळी आडवी बांधलेली होती. मी थट्टेत म्हटलं, "काय गं, तोरण बांधलंस? लढाईत अरवाचं लग्न उरकतेस की काय?"

सुरैया आतून आली, पण दारापासून चार हात लांबच थांबली. ती हसली नाही.

"वहिनी, तिथंच थांबा. अरवाला कांजिण्या आल्यात. आमच्याकडं घरात असलं काही आलं की दारात डहाळी आडवी बांधतात. मग सख्खा भाऊसुद्धा उंबरा ओलांडत नाही."

"मला वाटलं तोरण."

"तोरण डोक्यावर असतं, वहिनी. ही कमरेला आहे. माणूस आडवावा म्हणून बांधलेली."

खिचडीचं भांडं मी उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि घरी आले. चपला न काढताच कपाट उघडलं. ती स्लाइड काढून खिडकीच्या उजेडात धरली. वेल दोन झाडांना बांधलेली होती. शेजारी शिरीष उभा होता, हसत, हातात वल्हं घेऊन. वेल त्याच्या कमरेला लागत होती.

मी पलंगावर बसले. माझ्या घरच्या भिंतीवर ही स्लाइड इतक्यांदा पाहिली होती, आणि मी काय पाहिलं होतं? शिरीषने तोरण म्हटलं म्हणून मी तोरण पाहिलं. पण मी अजून शिरीषवर शंका घेतली नव्हती. चूक झाली असेल, कुणाचीही होईल, माझी नाही का झाली आज? दुसरीकडे एक विचार मात्र टोचत राहिला. वेल आजारामुळे बांधली असेल, तर त्या कुणाशी संबंध नसलेल्या माणसांच्यात आजार आणला कुणी?

दोन दिवसांनी शिरीष आला. शुक्रवार जवळ आला होता आणि नौशादशेठांपुढे मी काय बोलायचं हे त्याला पक्कं करायचं होतं. कांदेपोहे खात असतानाच संध्याकाळचा सायरन वाजला. नवरा, मी आणि शिरीष बेडरूममध्ये गेलो. मी टॉवेल भिजवून दाराखाली दाबले. तिघं पलंगाच्या कडेला बसलो. तेव्हा मी विचारलं, पहिल्या खेपेला तुमच्यात कुणी आजारी होतं का?

तो सहज म्हणाला, हो, कॅमेरावाल्याला ताप होता, अंगावर पुरळ आलं होतं. त्याने लपवलं आणि मीही फार खोदून विचारलं नाही. त्याला बेटावरच्या मुलांनी हात लावून लावून पाहिलं, ती फिल्म तर सगळ्यात छान आली आहे.

"आणि दुसऱ्या खेपेला?"

"दुसऱ्या खेपेला किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. अशोकने उतरताच विचारलं, मागच्या वेळची मुलं कुठायत? त्याला ती वेल बघून शंका आली. म्हणाला, हे तोरण नाही, आत आजार आहे, आपण परत फिरू. आता सांग ताई, एवढ्या लांब जाऊन परत कसं फिरायचं? मी वल्ह्याने ती वेल तोडली. तो मला मागे ओढायला पुढे आला, आणि तेवढ्यात बाण आला."

हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. नवऱ्याने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला. मी विचारलं, हे तू आम्हाला कधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, काकूंना उगाच त्रास झाला असता. माझ्या आईला. तिने कोटाला हळदकुंकू लावून निरोप दिला, तेव्हा हा तिच्या शेजारी उभा राहून रडला होता. आणि मी या माणसाला वर्षानुवर्षं वाढत आले होते, तूप जास्त घालून.

तेवढ्यात बाहेरचं दार कुणीतरी उघडलं. घाईत आम्ही कडी लावली नव्हती. पावलं बेडरूमपर्यंत आली आणि कुणीतरी दारावर थापा मारायला लागलं. हिंदीत काहीतरी ओरडत होतं, सायरनमध्ये ते कळेना. नवरा उठला, तर शिरीषने त्याला मागे ढकललं. कोपऱ्यात नवऱ्याची बॅट होती, ती त्याने उचलली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याचे डोळे पांढरे झाले होते.

"अंदर मत आना," तो किंचाळला. "पाँव रखा तो सर फोड दूँगा."

बाहेरचा माणूस निघून गेला. नंतर कळलं, तो कंपाऊंडचा रखवालदार होता. स्वयंपाकघरातला दिवा चालू राहिला होता, तो विझवा म्हणून सांगायला आला होता बिचारा. इशारा संपल्याचा सायरन झाला. शिरीषने बॅट जागेवर ठेवली, पलंगावर बसून कपाळावरचा घाम पुसला आणि ओशाळून हसला. म्हणाला, विष आत आलं असतं, ताई, मी काय करणार होतो?

मी त्याच्याकडे बघितलं. अशोकला मारणारा माणूस कसा दिसतो हे मी आयुष्यभर मनात रंगवलं होतं. काळा, उघडा, तोंडाला रंग फासलेला. तो माझ्या पलंगावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"त्यांच्याकडे बॅट नव्हती, शिरीष," मी म्हटलं. "बाण होते."

त्याला समजलं नाही. समजलं असतं तर मला आवडलं असतं, पण खरंच समजलं नाही. तो घड्याळात बघून म्हणाला, शुक्रवारी दुपारी तुला न्यायला येतो, डबाही तेव्हाच घेईन, शेठना दाखवायला लागेल. या खेपेला औषधंही नेऊ, तुला बरं वाटेल.

शुक्रवारी सकाळी मी नौशादशेठांना फोन केला. म्हटलं, अशोकची बहीण बोलतेय, माझा नकार आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. "ठीक आहे बहेन, मग बोट नाही," एवढंच म्हणाले. तिथे थांबले असते तरी भागलं असतं. पण शिरीष दुसरी बोट शोधेल, दुसरा शेठ शोधेल, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर मला तेवढ्यावर थांबायचंही नव्हतं. मला त्याचं काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं. त्याला दुखेल असं, कधी भरून न येणारं.

डबा मी ओट्यावर उपडा केला. एकेक स्लाइड खिडकीपाशी धरून पाहिली. अशोक बोटीच्या टोकावर उभा आहे. अशोक वाकून पाण्यात बघतोय. अशोक मागे वळून हसतोय, वाऱ्याने शर्ट फुगलाय. त्याच्या प्रत्येक फोटोत, खांद्यामागे किंवा डोक्याशेजारी, ती खडकांमधली फट होती. तो पुढे उभा राहून वाट दाखवत होता ना, म्हणून. ज्यात अशोक, त्यात वाट. मी कात्री घेऊन बसले. नखाएवढ्या त्या चित्रातून भाऊ वेगळा काढता येतो का ते बघत राहिले. आईकडे त्याचा यानंतरचा एकही फोटो नाही. माझ्याकडेही नाही. जगात कुणाकडेच नाही.

कात्री ठेवून दिली. जुनी कढई गॅसवर चढवली, खिडकी उघडली आणि सगळ्या स्लाइड्स आत टाकल्या. पुठ्ठ्याच्या चौकटी आधी पेटल्या, मग फिल्म वळायला लागली. घाणेरडा वास सुटला. नवरा दारात येऊन उभा राहिला, आणि मग माझ्यामागे येऊन त्याने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले. मी मोठ्याने रडले. राग आणि रडू वेगळं करता येत नव्हतं.

दुपारी शिरीष आला. मी त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि कढई दाखवली. तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग कढईकडे. मग त्याने बोटांनी ती काळी राख उकरायला सुरुवात केली, चिकटलेले गोळे सोडवून उजेडाकडे धरायला लागला. मी वाट बघत होते. एकदा तरी तो म्हणेल, त्यात अशोक होता. मला शिव्या देईल, भावाचे शेवटचे फोटो जाळले म्हणून. म्हणाला असता तर कदाचित मी कोसळले असते.

त्याने मान वर केली. "फट दिसेल असा एखादा राहिलाय का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर बरं वाटलं.