न धुता शिवलेली गोधडी

इस्त्री विकत घेण्यात काय एवढं मोठं, असं ज्याला वाटत असेल त्याने त्या शिवणवाल्या मावशीबरोबर एकदा दुकानात जायला हवं होतं. दुकानदाराने काउंटरवर सात इस्त्र्या मांडल्या आणि सातही इस्त्र्यांकडे बघून तिने नाक मुरडलं. एक फारच हलकी. "ही हातात आहे की नाही तेच कळत नाही रे. शिवण दाबणार कोण, मी की ही?" एकीची वायर आखूड. एकीच्या तळाची भोकं अशी की निम्मी वाफ तिच्या मनगटावरच यायची. आणि एक तर जरा वेळ हात लावला नाही की आपोआप बंद पडायची. दुकानदार नेमकं तेच कौतुकाने सांगत होता.

"सुरक्षित आहे हो मावशी. विसरलात तरी घर जळायचं नाही."

"चाळीस वर्षांत विसरले नाही, ती आता विसरेन होय? मी तुकडे जोडत बसायचं आणि हिने तोवर झोपा काढायच्या! ठेव तिकडे."

मग मागच्या फळीवरून त्याने आठवी काढली, फुंकर मारून धूळ उडवली. जड, जाड तळाची, निमुळत्या टोकाची. मावशीने पिशवीतून घरून आणलेल्या पांढऱ्या चिंध्या काढल्या. इस्त्री पाण्याने भरायला लावली, तापवायला लावली. दहा वेळा दाबून बघितली, आडवी धरली, उभी ठेवली, हलवली. एक थेंब गळला नाही. चिंधीवर पिवळी झाक नाही, काळा ठिपका नाही, आणि शिवण बसली ती अशी सपाट की बोट फिरवलं तर हाताला लागेना.

दुकानदाराने कपाळाचा घाम पुसला. "मावशी, पोरीला नवरा शोधतानासुद्धा एवढं पारखलं नसेल तुम्ही."

तो त्या गल्लीत नवीन होता, त्याचा काय दोष? मावशीची मुलगी जाऊन आठ महिने झाले होते. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. मावशीने पैसे मोजले. इस्त्री खोक्यात घालून घेतली आणि घरी आली.

घरी सहा वर्षांची नात होती आणि पलंगाखाली एक पिशवी होती. पिशवीत आईचे अकरा कपडे. चार सदरे, दोन गाऊन, दोन झगे, एक लोकरी बंडी, एक ओढणी आणि औषधांच्या दुकानात कामाला जाताना घालायचा निळा कोट. यातलं काहीही आठ महिन्यांत धुतलं नव्हतं, कारण पोरीने धुऊ दिलं नव्हतं. शाळेतून आली की ती पिशवीची गाठ सोडायची, आत तोंड खुपसून दोनदा श्वास घ्यायची आणि लगेच गाठ मारायची. दोनदाच का, असं आजीने एकदा विचारलं, तर म्हणाली, "जास्त घेतला तर संपेल ना गं." आत आईचा वास होता. बदामाचं तेल, सर्दीचं मलम आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी, ज्याला नाव नाही.

आता जावयाची दूरच्या गावी बदली झाली होती आणि पोरीला तो बरोबर नेणार होता. तिथे त्याच्या बहिणीचं घर, एका खोलीत पाच माणसं. जावई वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "जुन्या कपड्यांची पिशवी तिथे कुठे ठेवू? ताई एक दिवस उचलून टाकून देईल. एखादं पांघरूण असेल तर कोणी हात लावणार नाही." बोलणं पटण्यासारखं होतं. म्हणून आजीने पोरीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, सगळ्या कपड्यांची मिळून एक गोधडी केली तर? पोरीने पुष्कळ विचार केला. मग बोट नाचवत म्हणाली, "पण धुवायचं नाही."

"नाही धुवायचं."

"माझी शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

आता शिवणकामात न धुता कापड कापणं म्हणजे पाप. कापड आटतं, रंग सुटतो, सगळं काम वाकडं होतं. मावशीने उभ्या जन्मात कोणाचं न धुतलेलं कापड कात्रीला लावू दिलं नव्हतं, गिऱ्हाइकाला चारचौघांत परत पाठवलं होतं. पण शप्पथ ती शप्पथ. तिला भीती होती ती दुसरीच. जुनी इस्त्री वेड्यासारखी तापायची. गेल्या महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाची बाही पिवळी केली होती. गिऱ्हाइकाला दुसरं कापड मिळतं. हे कापड जळलं तर कुठल्या दुकानातून आणायचं? म्हणून इस्त्रीच्या पारखीचा तो एवढा खटाटोप.

निघायचं रविवारी होतं. गुरुवारी सकाळी मावशीने मधल्या खोलीत टेबल लावलं, वायर जमिनीवरून ओढली आणि पोरीला दाराबाहेर काढलं. "इथे पाऊल टाकायचं नाही. तापलेली इस्त्री आहे, भाजशील." दार लावून घेतलं.

तिने कपडे उसवले, चौकोन कापले. एक इंच वाया जाऊ दिला नाही. कॉलरसुद्धा उलगडून घेतल्या, खिसेही सोडले नाहीत. आणि मग सुरू झाली ती तिची जन्माची सवय. दोन तुकडे जोडायचे, इस्त्री ठेवायची, वाफ सोडायची, दाबायचं, उचलायचं. पुढचे दोन. शिवण घातली की दाबायची, हे तिला शिकवावं लागत नव्हतं, आठवावंही लागत नव्हतं. हात करत होते.

पहिली वाफ उठली आणि मावशी जागच्या जागी थांबली.

खोलीत तिची लेक आली होती. अगदी शेजारी येऊन उभी राहावी अशी. बदामाचं तेल आलं, मलम आलं, दमून घरी आल्यावर मानेशी यायचा तो वास आला. मावशीला रडू फुटलं आणि हसूही आलं. "आलीस का गं बाई," ती मोठ्याने म्हणाली. तिने खिडकी लावून घेतली. मग काय विचारता, गुरुवार गेला, शुक्रवार गेला, मावशी जेवायलासुद्धा धड उठेना. प्रत्येक शिवणीला लेक भेटत होती. गाऊन दाबताना तान्ह्या बाळाला पाजतानाची, निळा कोट दाबताना कामावरून आलेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. इतकी गुणाची इस्त्री मिळाली म्हणून तिने मनातल्या मनात त्या दुकानदारालाही दुवा दिला.

मधे दोनदा दारावर थाप पडली. "आजी, बघू?"

"झाल्यावर. जा, शेजारी खेळ."

शनिवारी वाफेला नुसता पाण्याचा वास येत होता. आपलं नाक चोंदलं असेल, असं मावशीला वाटलं. अस्तर लावलं, टाके घातले, आणि शेवटी अख्ख्या गोधडीवरून एकदा भरपूर वाफ देऊन इस्त्री केली. काम असं झालं होतं की तिचं तिलाच नवल वाटलं.

रविवारी सकाळी जावई सामान गाडीत ठेवत होता. मावशीने गोधडी पलंगावर पसरली आणि दार उघडलं. "ये गं राणी."

पोरगी धावत आली आणि निळ्या चौकोनात नाक खुपसलं. मग पिवळ्यात. मग ओढणीच्या तुकड्यात. गुडघ्यांवर रांगत ती एकेक चौकोन हुंगत गेली, घाई न करता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग गोधडी उलटी केली आणि अस्तराकडून बघितलं. मावशी उभीच होती. तिसरी ओळ संपेपर्यंत तिला सगळं कळून चुकलं होतं.

"आजी, तू धुतलीस?"

"नाही गं. तुझी शप्पथ नाही धुतली."

"मग आई कुठे गेली?"

मावशी पलंगाच्या कडेवर बसली. खोटं बोलता आलं असतं. कपडे जुने झाले की जातोच वास, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या तोंडाकडे बघून तिला खोटं सुचेना. "वाफेने गेली," ती म्हणाली. "मी इस्त्री करत होते, तेव्हा सगळा वास वर आला. सबंध खोलीभर होती बघ ती. दोन दिवस. मला कळलंच नाही की ती चाललीय."

"एक तुकडा राहिलाय का?"

"नाही राहिला."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान पोटाशी धरता आलं असतं. बाहेरून बापाने हाक मारली. तिने गोधडीची घडी करायचा प्रयत्न केला, ती तिच्या हातांत मावेना, तशीच गोळा करून छातीशी धरली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"आई खोलीत आली होती," ती म्हणाली, "तर मला हाक का नाही मारलीस?"

मावशी पलंगावरून उठली. बापाने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा मोठ्याने, आणि पोरगी गेली.