चाळीस सेकंदांची प्रार्थना

चर्चमध्ये तिला सगळे कात्रीबाई म्हणत. बावीस वर्षं ती सिनेमाचं संकलन करत होती. म्हणजे दुसऱ्यांनी टिपलेली दृश्यं बघायची, नको ती कापायची, हवी ती जोडायची. पोटापाण्यासाठी साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिराती. रविवारी मात्र ती न चुकता शेवटून दुसऱ्या बाकावर बसे, आणि वर्षातून एकदोनदा चर्चच्या हॉलमध्ये धार्मिक सिनेमा लागला की तिथेच कानकोंडी होऊन बसे.

त्या सिनेमांत पापी माणूस पहिल्या मिनिटापासून दाढी वाढवून असायचा, आणि विश्वास धरला की त्याची हनुवटी गुळगुळीत व्हायची. डॉक्टर हटकून नास्तिक. नवरा-बायको भांडतानासुद्धा उपदेशातल्यासारखी पूर्ण वाक्यं बोलत. आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधीच व्हायोलिन सुरू होई. शेजारच्या बायका डोळे पुसायच्या, कात्रीबाई मनातल्या मनात कापत बसायची.

"देवाचं काम म्हटलं की हात आखडता का घेतात हे लोक?" ती एकदा पास्टरना तोंडावर म्हणाली होती. "वाकडं टेबल करून कुणी देवाच्या नावावर खपवलं तर चालेल का आपल्याला?"

म्हणून चर्चने स्वतःच सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा पास्टर तिच्याकडेच आले.

गोष्ट चर्चमधल्याच एका घरातली होती. लेथवर काम करणारा एक टर्नर, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. पोर एका जागी ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिला मेंदूज्वर झाला. अकरा दिवस ती हॉस्पिटलात होती, अकरा दिवस बाप तिच्या खाटेशी गुडघ्यांवर होता, आणि बाराव्या दिवशी सकाळी ती गेली. दोन महिन्यांनी टर्नर सगळ्यांपुढे साक्ष द्यायला उभा राहिला. "देवावर माझा राग नाही. पण मला काही कळत नाहीये," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. त्या दिवशी पास्टरना उपदेश पुरा करता आला नव्हता.

सिनेमात मात्र मुलगी बरी होणार होती.

"ती गेली, पास्टर," कात्रीबाई म्हणाली. "आपण सगळे मातीला होतो."

"आपण होतो. पण सिनेमा बाहेर जाणार. माणसं नुसती रडून घरी गेली तर काय उपयोग? उठून घरी गेली पाहिजेत." मग ते म्हणाले, "मी आईबापांना विचारलंय. बाप काही बोलला नाही. आई म्हणाली, निदान तिथे तरी उठू दे तिला."

कात्रीबाईने हो म्हटलं, पण अटी घातल्या. शेवट तुमचा, बाकी सगळं माझं. उपदेश नको, व्हायोलिन नको. "आणि शेवटी पाटी नको. पडद्यावर अक्षरं लिहून सांगायची वेळ आली म्हणजे सिनेमा हरला."

पास्टरनी सगळं कबूल केलं.

चित्रीकरण होऊन दृश्यं तिच्या खोलीत आली तेव्हा शेवटाचा प्रसंग बघून तिने कपाळाला हात लावला. बापाचं काम करणारा नट हात पसरून प्रार्थना करतोय, खिडकीतून पांढराशुभ्र उजेड येतोय, मुलगी उठून बसतेय, आणि डॉक्टर, अर्थातच नास्तिक, गुडघे टेकतोय. तिने उजेड कापला. डॉक्टरला तर पुराच हाकलला. पण मग उरलं काय? मुलगी नुसती उठते, आणि ते कुणालाही खरं वाटणार नाही.

पाच दिवस ती त्याच प्रसंगात अडकून पडली. सहाव्या दिवशी टाकून दिलेल्या तुकड्यांत तिला हवं ते सापडलं. दिग्दर्शकाने "कट" म्हटलं होतं, पण कॅमेरा चालूच राहिला होता. दमलेला नट खाटेच्या कडेला बसून मान चोळत होता. प्रसंग संपला असं समजून छोट्या नटीने त्याची बाही ओढली आणि घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. त्याने दचकून तिच्याकडे बघितलं. बस, एवढंच. दचकला तो खराखुरा, पाणी मागितलं तेही खरंखुरं.

तिने "कट"चा आवाज पुसला. चाळीस सेकंदांची प्रार्थना, मग शांतता, मग मान चोळणारा बाप, आणि बाहीवर एक लहानसा हात. संगीत नाही. पास्टरनी ते बघितलं आणि बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत.

हॉलमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा त्या क्षणाला कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत भिंगरीची आई बाकावरून अर्धवट उठली आणि तशीच राहिली, पडद्याकडे हात करून. शेवटून दुसऱ्या बाकावर कात्रीबाईचा ऊर भरून आला. खरं सांगायचं तर तो अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा चर्चच्या हॉलमध्ये तिला मान खाली घालावी लागली नव्हती.

सिनेमा गाजला. दुसऱ्या चर्चमधून मागण्या आल्या, प्रती गेल्या. जिथे खेळ असेल तिथे भिंगरीची आई जाई. पास्टर कौतुकाने सांगत, बाईला केवढं बळ मिळालंय बघा.

अडीच महिन्यांनी, एका दुपारी, टर्नर कात्रीबाईच्या खोलीच्या दारात उभा होता. कामावरूनच आला असावा. नखांत काळं तेल होतं, आणि खुर्चीला ते लागू नये म्हणून तो बसायला तयार नव्हता.

"ताई, एक विचारायचं होतं. तो माणूस किती वेळ प्रार्थना करतो?"

"कोण माणूस?"

"सिनेमातला. माझं काम करतो तो."

"चाळीस सेकंद," ती म्हणाली.

टर्नरने मान हलवली. मापाला माप जुळतंय का बघावं तशी. "मी अकरा दिवस केली."

तो बोलत राहिला, हळूहळू, जमिनीकडे बघत.

"नवव्या दिवशी मी खाली गेलो होतो. भूक लागली होती. जेवलो, आणि बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. दोन तास. हे मी फक्त हिला सांगितलं होतं, त्याच वेळी. तेव्हा हिनेच माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. आता म्हणते, तुमच्या प्रार्थनेतच खोट होती. म्हणते, त्या माणसाचा चेहरा बघा आणि स्वतःचा आठवा. तो झोपला का? त्याची पोर उठली, माझी का नाही?"

"अहो, पण तो नट आहे!"

"ते कळतं मला. हिलाही कळतं." त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "पण ताई, मी पण बघितला ना सिनेमा. मलाही वाटलं, याचा विश्वास माझ्याहून मोठा आहे."

कात्रीबाईने मूळ दृश्यं काढली आणि त्याला सगळं दाखवलं. नटाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून औषध घालणारी मेकअपवाली दाखवली. चार वेळा चुकलेली वाक्यं दाखवली. "कट" ऐकवला, आणि त्यानंतर मान चोळणारा माणूस. टर्नर शेवटपर्यंत उभाच होता.

"हे हिला दाखवाल?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. स्वयंपाकघरात एकच टेबल होतं आणि तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीवर घड्या न केलेले कपडे होते. भिंगरीच्या आईने ते उचलले, तिला बसवलं, आणि सगळं नीट लक्ष देऊन बघितलं. टर्नर दारात उभा राहून बायकोचा चेहरा बघत होता.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. पुन्हा बघितलं. मग विचारलं, "पोरीने पाणी मागितलं ते कुणी शिकवलेलं नव्हतं ना?"

"नव्हतं. तिला खरंच तहान लागली होती."

"मग तेवढं तरी खरंच झालं."

"वहिनी, ते मी जोडलंय. ते तिथलं नव्हतंच. मी उचलून तिथे ठेवलं."

"तुम्ही ठेवलंत ते कळलं मला." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माणसं खोटी असतील. पण बघताना मला जे वाटलं ते खोटं कसं असेल? मला हॉस्पिटलात अकरा दिवसांत एकदाही तसं वाटलं नाही. यांच्याकडे बघून एकदाही वाटलं नाही."

दारातला माणूस बाजूला झाला आणि बाहेर निघून गेला. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

कात्रीबाई तडक पास्टरकडे गेली. "शेवटी एक ओळ घालू या. खऱ्या गोष्टीत ती मुलगी गेली, एवढीच."

पास्टरनी चष्मा काढला. "पाटी नको असं तुम्हीच म्हणाला होतात."

"चुकले मी."

"साठ ठिकाणी प्रती गेल्यात, ताई. कुठे कुठे बदलणार? आणि लोकांना त्यातून मिळतंय ते काढून घ्यायचं?"

"मग आधीचा शेवट लावा. पांढरा उजेड, डॉक्टर, व्हायोलिन, सगळं लावा. मी बसून जोडून देते."

"तो? तो बघून लोक हसले असते."

"हसू दे ना! हसून घरी गेले असते. घरी जाऊन नवऱ्याचं तोंड निरखत बसले नसते."

पास्टर चष्म्याची काच पुसू लागले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या घरात काय चाललंय ते त्यांनाही ठाऊक असणार. "मी जाऊन भेटतो दोघांना," ते म्हणाले. "प्रार्थना करतो त्यांच्याबरोबर."

ते गेले. भेटले. प्रार्थना केली. पुढच्या महिन्यात भिंगरीची आई बॅग भरून बहिणीकडे राहायला गेली. तिथल्या चर्चमध्ये सिनेमाच्या आधी ती चार शब्द बोलू लागली. मुलगी गेली हे ती सांगत नसे. खोटंही बोलत नसे. "माझ्या मुलीची गोष्ट आहे," एवढंच म्हणे आणि पहिल्या रांगेत जाऊन बसे.

टर्नर चर्चला यायचा थांबला. चार रविवार त्याची जागा रिकामी बघून कात्रीबाई एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याच्या कारखान्यापाशी गेली. तो फाटकाबाहेर भिंतीला टेकून एकटा उभा होता. डबा हातात होता, पण उघडलेला नव्हता.

"येत नाही तुम्ही," ती म्हणाली.

"रागाने नाही, ताई. तसं समजू नका." तो डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. "डोळे मिटले की मोजायला लागतो. चाळीसपर्यंत जातो. मग वाटतं, झालं, आता काहीतरी व्हायला हवं. आणि मग पुढे काही सुचतच नाही."

"माझी चूक झाली," ती म्हणाली. हे वाक्य तिने वाटेत दहा वेळा घोकलं होतं. आता ते तोंडातून निघालं तेव्हा कुणीतरी लिहून दिल्यासारखं वाटलं.

टर्नरने त्यावर विचार केला. तो माणूसच तसा होता, कुणी काही बोललं की विचार करून उत्तर देणारा.

"चूक कसली? काम चोख केलंत तुम्ही," तो म्हणाला. "कच्चं केलं असतंत तर मी सुटलो असतो."

आतून भोंगा वाजला. त्याने न उघडलेला डबा पिशवीत टाकला, तिला मान हलवून निरोप दिला आणि फाटकातून आत गेला. कात्रीबाई थोडा वेळ तिथेच थांबली. एकेक करून आतली यंत्रं सुरू झाली, आणि कुठलं त्याचं ते तिला ओळखता येईना.