बिनवातीची तबकडी

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी का टेकलात, पुढे जागा आहे. आज एका दिव्याची गोष्ट सांगायची आहे. त्याला तेल नको, वात नको, कितीही वारा सुटो, तो विझायचा नाही. ज्याच्या पाठीमागे तो टांगला तो सुखरूप घरी पोहोचला. आणि ज्यांच्या हातून तो घडला त्यांचं काय झालं, ते आता ऐका. मधे मात्र उठू नका.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या डोंगरात, वेल्सहून आलेल्या वेल्श खाणकामगारांचं एक गाव होतं. पहिलं महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. त्या गावच्या प्रार्थनाघरात वाजवायची पेटी नव्हती, आणि तिची कधी उणीवही भासली नाही, कारण मार्गेड प्रॉसर होती. ती पहिला सूर उचलायची, मग सगळं घर चार आवाजांत तिच्यामागे उभं राहायचं. गाणं उचलण्याचा मान त्या गावात बाईला सहसा मिळत नसे. मार्गेडला मिळाला तो तिचा नवरा इदवाल गेल्यानंतर.

इदवाल बेकरीची मोटार चालवायचा. त्या काळी मोटारीच्या मागे रॉकेलचा लाल दिवा असे. वाऱ्याची झुळूक आली की विझे, खड्ड्यात चाक आदळलं की विझे, आणि पुढे बसलेल्याला त्याचा पत्ताही नसे. एका रात्री गावाजवळच्या खोगीर घाटात धुकं उतरलं होतं. दिवा विझल्याचं ध्यानात आल्यावर इदवाल तो लावायला खाली उतरला आणि मागून कोळशाचा ट्रक आला. त्याला घरी आणलं तेव्हा काडेपेटी मुठीत तशीच होती. मार्गेडच्या पदरी राहिली ती इदवालची धाकटी बहीण तेग्वेन. आई-बापाविना पोर, वहिनीच्याच हातची वाढलेली. तिचा आवाज असा, की तिने वरचा सूर लावला की म्हातारे खाणकामगार खोकायचे थांबत.

पुढे गावातल्या बंद पडलेल्या रेशीम गिरणीत नवा कारखाना निघाला. भाकरीएवढी लोखंडी तबकडी, तिच्यावर ‘धोका’ अशी अक्षरं, आणि ती अक्षरं रेडियमच्या रंगाने भरलेली. अंधार पडला की ती हिरवट उजेडात आपोआप उजळायची. मागचा दिवा विझला तर तबकडी मोटारीच्या पाठीवर अडकवायची, बस. मार्गेडने ती पहिल्यांदा पाहिली आणि तिथेच डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. ती कामाला लागली ते पगारासाठी नव्हे, नवसासारखी. तेग्वेनलाही तिनेच तिथे नेलं, आणि प्रार्थनाघरातल्या बऱ्याचशा पोरी दोघींच्या मागून आल्या.

काम नाजूक होतं. कुंचला अगदी बारीक केसांचा. एखाद-दुसरं अक्षर झालं की केस फिसकटायचे. ओठांत धरून त्याला टोक काढायचं, हे व्यवस्थापक हॉकेटसाहेबांनीच पहिल्या दिवशी करून दाखवलं. त्यांच्या हातातला कुंचला कोरा होता, हे मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टोक कसं काढायचं ते साहेबांनी शिकवलं. कधी काढायचं ते मार्गेडने. पोरी गायल्याशिवाय काम करणाऱ्या नव्हत्या, आणि जिथे दहा वेल्श माणसं तिथे गाणं उचलणारं कुणीतरी लागतंच. मार्गेड गीत उचलायची. ओळ संपली की श्वासापुरती जागा असते ना, त्या जागेत सगळे कुंचले एकदम ओठांत जायचे आणि पुढच्या ओळीबरोबर तबकडीवर उतरायचे. नवी पोर आली की मार्गेड तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची, “ओळ संपली, श्वास घे, ओठांत. कळलं ना बाळ?” एवढी एका तालात चाललेली शाळा पाहून हॉकेटसाहेब खूश. गाणं वाढलं की माल वाढायचा.

त्या पोरी हसायच्याही खूप. केसांना, रुमालांना रंगाची धूळ लागून संध्याकाळी घरी जाताना त्या चमकायच्या. ऑलवेन नावाची एक ठेंगणी, खर्जात गाणारी पोर म्हणायची, नवरा शोधायला आता कंदील नको, मीच लांबून दिसते. त्यावर कुणीतरी म्हणायचं, म्हणून तर लांबूनच पळून जातात.

त्या हिवाळ्यात प्रार्थनाघराचे पाळक एल्यास यांनी बायबलातल्या, रात्री नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दिवट्यांवर प्रवचन केलं. त्यांचं प्रवचन सुरू व्हायचं ते शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसं. मग एखादा शब्द ते जरासा ओढायचे, पुढचा त्याहून वर न्यायचे, आणि बघता बघता बोलणं गाण्यात शिरायचं. ताल नाही, कडवं नाही. नुसता चढत जाणारा सूर, आणि प्रत्येक श्वासाच्या जागी सगळ्या घराचा ‘आमेन’. देवाचं नाव असं गात गात कानी पडावं, यापरतं भाग्य कोणतं? त्या दिवशी ते म्हणाले, शास्त्रातल्या पाच कुमारींचं तेल संपलं, पण आमच्या गावच्या कुमारी बघा, यांच्या दिव्याला तेलच लागत नाही. सगळं घर आमेन म्हणालं. मार्गेड तर रडलीच. तिला वाटलं, इदवालच्या मुठीतली काडी आज पेटली.

ऑलवेनचा दात दुखू लागला तो त्यानंतर. दात काढला, पण जखम भरेना. मग शेजारचा दात, मग जबड्याच्या हाडाचा तुकडाच हातात आला. पोरी म्हणाल्या, गूळसाखरेची गोळी सदा गालात, दुसरं काय होणार. हॉकेटसाहेब कुणापाशी पोरीच्या चालचलणुकीविषयी काहीतरी पुटपुटले, आणि ते गावभर झालं. ऑलवेनने आधी गाणं सोडलं, मग बोलणं, मग जेवण. तिला पुरलं तेव्हा गीत मार्गेडनेच उचललं. चार आवाजांत खर्जाच्या जागी एक भोक पडलं होतं. मार्गेडला ते ऐकू आलं, पण त्याचा अर्थ तिने लावला नाही.

वसंतात आसपासच्या सगळ्या प्रार्थनाघरांचा गीतमेळा भरायचा. यंदा एकटीने गायचं कडवं तेग्वेनला मिळालं होतं. घरी तालीम चाले. तेग्वेन ऐन चढाची ओळ पुटपुटून सोडून द्यायची, आवाज जपतेय म्हणायची. एक दिवस मार्गेडने तव्यावर मनुकांच्या टिकल्या भाजल्या, तर तेग्वेनने आपली चहात बुडवली. चहात बुडवून खाणाऱ्यांना हीच पोर लहानपणापासून बोळकं बोळकं म्हणून चिडवत आली होती. मार्गेड बघत राहिली, पण विचारलं नाही. काही प्रश्न ओठांवर आले की माणूस त्यांना पाणी पाजून परत पाठवतो.

कारखान्यात तयार तबकड्या तपासायची एक कोठी होती. खिडक्यांना काळं कापड, त्यामुळे भर दुपारीही आत काळोख. त्या दुपारी तेग्वेन तिथे एकटी होती. मार्गेड तबकड्यांचं नवं ताट घेऊन आत गेली, दार लोटलं, आणि सहज म्हणाली, इथे कुणी नाही, ती चढाची ओळ एकदा म्हणून दाखव. तेग्वेनने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

काळोखात तोंड दिसलं. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसतं तोंड. जीभ, हिरड्या, दातांची कड, सगळं त्या तबकड्यांसारखंच हिरवट उजळलेलं, आणि त्यातून देवाचं गाणं बाहेर येत होतं.

“तेगू, तोंड मिट.”

“का गं वहिनी? सूर लागला नाही?”

“मिट आधी.” मार्गेडने ताट कुठे ठेवलं ते तिचं तिला कळलं नाही. तिने अंधारातच पोरीचा गाल चाचपला. तेग्वेन कळवळली.

“केव्हापासून दुखतंय?”

“ऑलवेन गेली त्याच्या आधीपासून.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू मला मेळ्यात गाऊ दिलं नसतंस.”

मार्गेड खाणकामगाराची लेक. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत खाली पिवळा पक्षी पिंजऱ्यातून नेतात, आणि पक्षी गायचा थांबला की हातातली कुदळ टाकून माणसांनी वर यायचं, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. ऑलवेन गायची थांबली तेव्हा कोण वर आलं? कुणीच नाही. उलट वरून तिनेच गाणं उचललं होतं.

ती तशीच हॉकेटसाहेबांकडे गेली. तिने एवढंच मागितलं, की टोक काढायला ओठांऐवजी पाण्याची वाटी आणि चिंधी द्या. साहेब म्हणाले, वाटीत रंग धुऊन जातो, आणि तो रंग सोन्याहून महाग आहे. हे रेडियम शहरात लोक औषध म्हणून पाण्यातून घेतात. मग ते खुर्चीत पुढे झुकले आणि आवाज मऊ केला. “प्रॉसरबाई, परवा खोगीर घाटात धुक्यात एक मोटार बंद पडली होती. मागच्याने तबकडी बघून ब्रेक दाबला. चालवणाऱ्याला घरी बायको आहे. हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळावं?”

ते खरं होतं. ती उठली. साहेबांना त्यांच्या स्वतःच्या मोटारीसाठी एक तबकडी हवी होती. टेबलावरची उचलण्याआधी त्यांनी खणातून हातमोजे काढून घातले. मार्गेडने ते पाहिलं, आणि ती पाहते आहे हे साहेबांनीही पाहिलं.

तेग्वेनला तिने त्याच दिवशी घरी बसवलं. दुसऱ्या सकाळी पोरींना सांगितलं की कुंचला तोंडात घालायचा नाही. काही पोरी घाबरल्या, एकीने मग ताई तोंडाला कुलूप आणू का म्हणून विचारलं, पण शेवटी सगळ्यांनी शब्द दिला. मार्गेडने गीत उचललं. पहिली ओळ संपली, श्वासाची जागा आली, आणि सगळे हात उठले. ज्या पोरीने क्षणापूर्वी शब्द दिला होता तिचाही. कुंचले ओठांत जाऊन परत आले आणि पोरींना त्याचं भानही नव्हतं. तीच गत दुसऱ्या ओळीला. हात आता मार्गेडचं ऐकत नव्हते, त्यांच्या धनिणीचंही ऐकत नव्हते. ते गाण्याचं ऐकत होते, आणि गाणं तिने शिकवलं होतं.

ती गप्प झाली असती तर? तरी पोरींनी आपणच गीत उचललं असतं. तोंडपाठ होतं ते. मग तिने जे केलं ते त्या गिरणीत कधी कुणी ऐकलं नव्हतं. ती बोलू लागली, शेजारणीशी बोलावं तसं. दहा जणी होत्या, म्हणाली, दिवट्या घेऊन निघालेल्या. एक शब्द ओढला, पुढचा वर नेला. पाळक एल्यास यांचंच ते प्रवचन, पण एका बाईच्या गळ्यातून. पोरींनी माना वर केल्या. सूर चढला, श्वासाची जागा आली, आणि जन्मभराच्या सवयीने साऱ्या तोंडांतून ‘आमेन’ निघालं. कुंचला ओठांत जायला ओठ मोकळे कुठे होते? ती पुन्हा चढली. पुन्हा आमेन. जिथे जिथे हात उठायचा तिथे तिथे तिने देवाचं नाव आडवं घातलं. त्या पाच जणींना तेल कमी पडलं, ती गात होती, पण आपण, पोरींनो, आपण स्वतःच तेल आहोत. आमेन म्हणताना काही पोरी रडत होत्या.

कुंचले फिसकटले. अक्षरं जाड झाली, एकमेकांत मिसळली. ताटंच्या ताटं वाया गेली. हॉकेटसाहेब दारात उभे राहिले तेव्हा मार्गेड थांबली नाही. त्यांनी बाहेरून माणूस बोलावला आणि त्याने तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. त्या दिवसापासून कारखान्यात गाणं बंद झालं. काही पोरींनी काम सोडलं, काहींना सोडता येण्यासारखं नव्हतं. पण बिनगाण्याचे हात आता आपापल्या मालकिणीचं ऐकत, आणि ज्यांनी मनावर घेतलं त्यांनी घरून चिंधी आणली. त्यांतल्या काहीजणी म्हाताऱ्या झाल्या, नातवंडं पाहिली.

तेग्वेन नाही. मेळ्याच्या दिवशी ती जबड्याला फडकं बांधून मार्गेडला टेकून बसली होती. तिचं कडवं आलं तेव्हा पाळक एल्यास उभे राहिले, पण ते कडवं दुसऱ्या कुणाला देईनात. तेवढा वेळ सगळं घर गप्प राहिलं. मार्गेडच्या हाताला पोरीचा हात लागत होता. ती बोटांनी ताल धरत होती, एकेक ओळ, आणि ओळीनंतर श्वासाची जागा. झाडांची पानं पिवळी पडायच्या आत ती गेली.

मार्गेडचं घर खोगीर घाटाच्या वाटेवर होतं. धुक्यात मोटार थांबली की तिच्या पाठीवरचा हिरवट उजेड खिडकीतून दिसे, आणि मागून येणारी मोटार वेळेवर थांबल्याचा आवाज येई. तेव्हा ती देवाचे आभार मानी, आणि मानता मानता तिचे दात आपोआप आवळले जात.

आपल्याकडे ट्रॉलीच्या, बैलगाडीच्या पाठीमागे चमकणारी पट्टी चिकटवतात, तिला आपण अजून रेडियमच म्हणतो. तिच्यात आता ते विष नाही, देवाची कृपा. पण अंधारात ती पट्टी उजळून तुम्हाला वेळेवर थांबवील, तेव्हा मनातल्या मनात एक आमेन म्हणा, आणि चढाची ओळ गायची राहून गेलेल्या त्या तेग्वेनची आठवण ठेवा.